जाक देमी

जाक देमी (जन्म : पाँशातो, फ्रान्स, ५ जून १९३१, मृत्यू : पॅरिस, २७ ऑक्टोबर १९९०) हे एक फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक, पटकथाकार आणि गीतकार होते. सर्व संवाद गाण्यातून असलेला 'ले पाराप्लुई द शेर्बूर' (शेर्बूरच्या छत्र्या, १९६४) ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध कृती होय. चित्रपट दिग्दर्शिका आन्येस वार्दा या त्यांच्या पत्नी होत.

१९६० च्या सुमारास फ्रेंच चित्रपटसृष्टीत आलेल्या 'नव्या लाटे'च्या पिढीत देमींची गणना केली जाते. तथापि गोदार, त्रुफो आदी समकालीनांहून त्यांची वाट वेगळी होती. गडद रंग, गाणी, परीकथा आणि योगायोग यांनी त्यांचे चित्रपट भरलेले आहेत, आणि हुकलेले प्रेम व विरह हा त्यांतील बहुतेकांचा विषय आहे. देमी स्वतः उभयलैंगिक होते व त्यांचा मृत्यू एड्समुळे झाला. या दोन्ही गोष्टींची त्यांच्या हयातीत जाहीर वाच्यता झाली नाही. पुरुषाचे पुरुषावरील प्रेम त्यांच्या चित्रपटांत उघडपणे येते ते 'पार्किंग' (१९८५) या एकाच चित्रपटात.

बालपण

देमींचे बालपण पश्चिम फ्रान्समधील नाँत या बंदराच्या शहरात गेले. वडील रेमों यांचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज होते. आई केशरचनेचे काम करीत असे. घर गॅरेजला लागूनच असल्याने तेलाचा वास, हत्यारांचा आवाज आणि काम करता करता गाणी म्हणणारी माणसे यांच्या सान्निध्यात ते वाढले. कळसूत्री बाहुल्यांचे खेळ पाहून त्यांनी लहानपणीच घरी स्वतःचे बाहुली-नाट्यगृह उभारले. पुढे चित्रफितीवर हाताने चित्रे रंगवून ती पडद्यावर हलवण्याचे प्रयोग केले आणि माळ्यावर पुठ्ठ्याच्या आकृत्यांचा एक छोटा चलच्चित्रपट तयार केला.

सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी नाँतवर बॉम्बवर्षाव केला. त्यात हजाराहून अधिक नागरिक मरण पावले. देमी तेव्हा १२ वर्षांचे होते. युद्धकाळात त्यांना काही दिवस ल्वार नदीकाठच्या एका खेड्यात, लाकडी जोडे बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी ठेवण्यात आले होते. हिंसेविषयी त्यांना कायमचा तिटकारा वाटू लागला तो या बॉम्बवर्षावापासून. त्यांच्या चित्रपटांतील प्रसन्न रंगसंगतीकडे केवळ हौस म्हणून पाहणाऱ्यांना ही पार्श्वभूमी बहुधा ठाऊक नसते.

मुलाने यंत्रकाम शिकावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यानुसार देमींना तांत्रिक शाळेत घालण्यात आले. तेथे त्यांचे मन रमले नाही. मधल्या काळात दिग्दर्शक क्रिस्तियाँ-जाक हे एका चित्रपटाच्या निमित्ताने नाँतला आले असता त्यांनी या मुलाचे काम पाहिले व त्याला उत्तेजन दिले. अखेर वडिलांनी हट्ट सोडला आणि देमी पॅरिसमधील छायाचित्रण व चलच्चित्रण शिकवणाऱ्या संस्थेत दाखल झाले.

लघुपट व 'लोला'

शिक्षणानंतर देमींनी चलच्चित्रकार पोल ग्रिमो आणि माहितीपटकार जॉर्ज रुकिए यांच्याकडे उमेदवारी केली. त्यांचा पहिला उल्लेखनीय लघुपट 'ल साबोतिए द्यु व्हाल द ल्वार' (ल्वार खोऱ्यातील लाकडी जोडेवाला) हा बालपणी आसरा देणाऱ्या त्याच कारागिरावर आहे. १९५७ मध्ये त्यांनी कवी, नाटककार व चित्रपटकार जाँ कोक्तो यांच्या एका एकांकिकेवर 'ल बेल अँदिफेराँ' (देखणा बेपर्वा) हा लघुपट केला. त्यात एक स्त्री अखंड बोलत राहते आणि तिचा प्रियकर एक अक्षरही उच्चारत नाही. कोक्तोंचे स्वतःचे पुरुषप्रेम पॅरिसच्या कलावर्तुळात सर्वश्रुत होते. देमींच्या पुढील वाटचालीत कोक्तोंचे नाव वारंवार येते.

१९५८ मध्ये तूर येथील लघुपट महोत्सवात देमींची आन्येस वार्दा यांच्याशी भेट झाली. वार्दा तेव्हा छायाचित्रकार व दिग्दर्शिका म्हणून नावारूपाला येत होत्या. १९६२ मध्ये दोघांनी विवाह केला. वार्दांची कन्या रोझाली हिला देमींनी दत्तक घेतले. १९७२ मध्ये मातिए या पुत्राचा जन्म झाला. तो पुढे अभिनेता व दिग्दर्शक झाला. न्वारमूत्ये बेटावरील जुनी पवनचक्की हे या कुटुंबाचे आवडते ठिकाण होते.

'लोला' (१९६१) हा देमींचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. तो रंगीत संगीतपट व्हावा असा त्यांचा मानस होता, पण पैशांअभावी तो कृष्णधवल करावा लागला. नाँतमध्ये चित्रित झालेल्या या कथेत लोला ही नर्तकी (आनूक एमे) सात वर्षांपूर्वी निघून गेलेल्या आपल्या मुलाच्या बापाची वाट पाहत आहे आणि तिचा बालमित्र रोलाँ कासार तिच्यावर निष्फळ प्रेम करतो. शहरातील पासाज पोमरे ही काचेच्या छताची जुनी बाजारवाट या चित्रपटामुळे विख्यात झाली. संगीतकार मिशेल लग्रां यांच्याशी देमींचे सहकार्य येथूनच सुरू झाले. त्यापुढील 'ला बे देझांज' (१९६३) या चित्रपटात जान मोरो यांनी नीस व परिसरातील जुगारगृहांत सर्वस्व उधळणाऱ्या स्त्रीची भूमिका केली.

'शेर्बूरच्या छत्र्या'

१९६४ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात एकही वाक्य साध्या बोलीत नाही. पेट्रोल भरण्याचा हुकूम, दुकानाची उधारी, जेवणाचे बोलावणे हे सारे गाऊनच सांगितले जाते. पहिलेच दृश्य गॅरेजमधले आहे आणि कारागीर कामाच्या गोष्टी गात असतात. देमींच्या वडिलांचे गॅरेज येथे शेर्बूरला आले आहे, असे म्हणता येईल. संगीत लग्रां यांचे, गीते देमींची. पात्रांसाठी पार्श्वगायन करण्यात आले असून कात्रीन दनव यांच्यासाठी दानिएल लिकारी यांचा आवाज वापरला आहे.

कथानक अगदी साधे आहे. छत्र्यांच्या दुकानदारणीची मुलगी जनव्हिएव्ह आणि गॅरेजमधला कारागीर गी यांचे प्रेम असते. गी याला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी अल्जीरियाच्या युद्धावर जावे लागते. जनव्हिएव्ह गरोदर असते; पत्रे विरळ होत जातात; आईच्या आग्रहाने ती हिऱ्यांचा व्यापारी रोलाँ कासार याच्याशी लग्न करते. 'लोला'मध्ये प्रेम गमावलेला तो हाच कासार. गी परत येतो, काही काळ भरकटतो आणि नंतर दुसऱ्या मुलीशी संसार मांडतो. प्रस्थान, अनुपस्थिती आणि पुनरागमन अशी चित्रपटाच्या तीन भागांची नावे आहेत. शेवटी डिसेंबर १९६३ च्या एका बर्फाळ रात्री दोघांची गी याच्या पेट्रोल पंपावर योगायोगाने गाठ पडते. मोटारीत बसलेली मुलगी आपली आहे हे त्याला माहीत असते, तरी तो तिला पाहायला बाहेर येत नाही. थोडे बोलणे होते आणि मोटार निघून जाते. कोणी दुष्ट ठरत नाही. दोघेही जगत राहतात. प्रेक्षकांना सर्वाधिक चटका लावणारी गोष्ट हीच असावी.

अल्जीरियाचे युद्ध १९६२ मध्येच संपले होते आणि फ्रेंच चित्रपटांत त्याचा उल्लेख त्या काळी क्वचितच होत असे. रंगीबेरंगी भिंतींच्या या संगीतपटात ते कथेच्या मुळाशी आहे, ही बाब अनेक समीक्षकांच्या ध्यानात उशिरा आली. चित्रपटाला १९६४ च्या कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तसेच दोन वर्षांत मिळून पाच ऑस्कर नामांकने मिळाली.

यानंतरचा 'ले द्म्वाझेल द रोशफोर' (रोशफोरच्या तरुणी, १९६७) हा देमींचा सर्वांत आनंदी चित्रपट. त्यात कात्रीन दनव व त्यांची सख्खी बहीण फ्राँस्वाझ दोर्लेआक यांनी जुळ्या बहिणींच्या भूमिका केल्या, तर हॉलिवूडचे जीन केली यांनी पाहुणे म्हणून नृत्ये केली. चित्रीकरणासाठी रोशफोर शहरातील असंख्य खिडक्यांची झडपे रंगवण्यात आली होती. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर काही महिन्यांतच, २६ जून १९६७ रोजी, दोर्लेआक यांचा नीसजवळ मोटार अपघातात मृत्यू झाला. त्या अवघ्या २५ वर्षांच्या होत्या. तेव्हापासून या चित्रपटाकडे निव्वळ आनंदाने पाहणे अनेकांना कठीण जाते.

अमेरिका, परीकथा व वेषांतर

या यशामुळे देमींना कोलंबिया कंपनीने अमेरिकेत बोलावले. लॉस एंजेलिसमध्ये केलेल्या 'मॉडेल शॉप' (१९६९) मध्ये लोला पुन्हा भेटते. प्रियकराने तिला एका जुगारी स्त्रीपायी सोडलेले असते. ती जुगारी म्हणजे 'ला बे देझांज'ची नायिका. देमींच्या चित्रपटांतील पात्रे अशी एकमेकांच्या कथेत ये-जा करतात. प्रमुख भूमिकेसाठी देमींना त्या वेळी अपरिचित असलेले हॅरिसन फोर्ड हवे होते, परंतु कंपनीने ते मान्य केले नाही. चित्रपट चालला नाही.

फ्रान्समध्ये परतल्यावर केलेला 'पो दान' (गाढवाचे कातडे, १९७०) हा मात्र त्यांच्या देशातील सर्वांत मोठ्या व्यावसायिक यशांपैकी एक ठरला. शार्ल पेरोच्या परीकथेवर आधारलेल्या या चित्रपटात स्वतःच्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या राजाची भूमिका जाँ मारे यांनी केली. मारे हे कोक्तोंच्या चित्रपटांचे नायक व त्यांचे दीर्घकाळचे जीवनसाथी होते.

१९७० चे उरलेले दशक देमींना कठीण गेले. अनेक योजना कागदावरच राहिल्या. या काळातील चित्रपटांत स्त्रीत्व व पुरुषत्व यांच्या सीमा पुसट करणाऱ्या कल्पना दिसतात. १९७३ च्या एका विनोदी चित्रपटात मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांनी गरोदर पुरुष रंगवला. 'लेडी ऑस्कर' (१९७९) हा रियोको इकेदा यांच्या जपानी चित्रकथेवरून जपानी निर्मात्यांसाठी इंग्रजीत केलेला चित्रपट असून, त्यात मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी फ्रेंच राजदरबारात लष्करी अधिकारी होते. या चित्रपटांतून देमींच्या आयुष्याचा थेट अर्थ काढणे घाईचे ठरेल. तरी वेषांतराचे आकर्षण त्यांत स्पष्ट आहे.

१९८० च्या आसपास देमी व वार्दा काही वर्षे विभक्त राहत होते. वार्दा तेव्हा मातिएसह लॉस एंजेलिसमध्ये होत्या. तेथे त्यांनी केलेल्या 'दॉक्युमाँतर' (१९८१) या चित्रपटात पतीपासून दुरावलेली फ्रेंच स्त्री व तिचा मुलगा यांचे एकाकी दिवस आहेत. मुलाची भूमिका मातिए यानेच केली आहे. कालांतराने दोघे पुन्हा एकत्र आले.

'युन शाँब्र आँ व्हिल' (शहरातील एक खोली, १९८२) ही देमींची फार दिवस मनात असलेली कथा होती. १९५५ च्या नाँतमधील गोदीकामगारांच्या संपाच्या पार्श्वभूमीवरील हा चित्रपटही संपूर्ण गाण्यातून आहे, मात्र शेर्बूरची सोशिकता येथे नाही. या प्रेमकथेत रक्त सांडते. पूर्वी ठरलेल्या नटसंचात दनव होत्या. त्यांना स्वतःच्या आवाजात गायचे होते व देमींना ते मान्य नव्हते. त्यावरून योजना फिसकटली आणि दोघांत दुरावा आला. लग्रां यांनीही हे काम स्वीकारले नाही. संगीत मिशेल कोलोंबिए यांनी दिले. समीक्षकांनी चित्रपटाची मनापासून स्तुती केली, परंतु प्रेक्षक आले नाहीत. तेव्हा समीक्षकांच्या एका गटाने वृत्तपत्रात चित्रपटाच्या बाजूने जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. त्यात त्याच वेळी गर्दी खेचणाऱ्या जाँ-पोल बेलमोंदो यांच्या चित्रपटाशी तुलना होती. बेलमोंदो यांनी खुल्या पत्राने उत्तर दिले आणि देमींचा स्वतःचा काही संबंध नसलेला वाद पेटला.

'पार्किंग'

कोक्तोंच्या 'ऑर्फे' (१९५०) या चित्रपटात जाँ मारे यांनी ऑर्फियसची भूमिका केली होती. देमींनी तीच ग्रीक पुराणकथा १९८५ च्या पॅरिसमध्ये आणली आणि चित्रपट कोक्तोंना अर्पण केला. येथे ऑर्फियस (फ्राँसिस ह्यूस्तेर) हा हजारोंच्या गर्दीपुढे गाणारा रॉक गायक आहे. त्याची पत्नी युरिडिसी (केइको इतो) शिल्पकार आहे. जपानी पत्नी असलेला हा गायक पाहून जॉन लेनन व योको ओनो यांची आठवण येते. पाताळलोक म्हणजे जमिनीखालचे मोटारतळ. तेथे रंग नाहीसे होतात आणि फक्त लाल उरतो. पाताळाचा अधिपती हेडीस म्हणून साक्षात जाँ मारे दिसतात.

कोक्तोंच्या चित्रपटात नसलेली एक गोष्ट देमींनी कथेत घातली. ऑर्फियसचे कालाइस (लोराँ माले) या आपल्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या सहकाऱ्यावरही प्रेम आहे. पत्नीवरील प्रेम खोटे आणि हे खरे, असा निवाडा चित्रपट करत नाही. दोन्ही प्रेमे शेजारी-शेजारी नांदतात. हे देमींनी पदरचे जोडले असे मानले जाते, पण प्राचीन ग्रीक काव्यपरंपरेतच ऑर्फियसचे कालाइस या तरुणावर प्रेम असल्याची कथा आहे. नंतरच्या शतकांत ती मागे पडली व पत्नीसाठी पाताळात उतरणारा पती एवढाच ऑर्फियस उरला. देमींनी पुराणकथेचा विसरलेला अर्धा भाग परत आणला.

युरिडिसीचा अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मृत्यू होतो. तिला परत आणण्याची परवानगी ऑर्फियसला मिळते. मागे वळून न पाहण्याची अट त्याच्या हातून मोडते. शेवटी तोही एका चाहतीच्या हातून मारला जातो व पाताळात पत्नीला भेटतो.

चित्रपट साफ कोसळला. अपुरे पैसे व घाईचे चित्रीकरण जागोजागी जाणवते. ह्यूस्तेर यांनी गाणी स्वतःच्या आवाजात गायिली, आणि पार्श्वगायनाविषयी एरवी इतक्या काटेकोर असलेल्या देमींच्या चित्रपटाला ते मानवले नाही. देमीही या कामावर समाधानी नव्हते. तरीही दोन प्रेमांची कथा त्यांनी कोणता वर्षाकाळ निवडून सांगितली हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एड्सचा विषाणू पॅरिसच्या पास्तर संस्थेत १९८३ मध्ये ओळखला गेला होता. रोगाचे नाव घेणेही बदनामीचे मानले जाई आणि समलिंगी पुरुषांकडे संशयाने पाहिले जात असे.

अखेरची वर्षे

'त्र्वा प्लास पूर ल व्हँत-सिस' (२६ तारखेची तीन तिकिटे, १९८८) हा इव्ह मोंताँ यांना घेऊन मार्सेयमध्ये केलेला संगीतपट देमींचा शेवटचा ठरला. तोही अपयशी झाला. त्यानंतर ते आजारी पडले. शेवटच्या दिवसांत ते चित्रे काढू लागले होते आणि बालपणीच्या आठवणी लिहीत होते. त्या आठवणींवर वार्दा यांनी चित्रपट करायचे ठरवले. 'जाको द नाँत' (१९९१) असे त्याचे नाव. नाँतमधील खऱ्या गॅरेजमध्येच चित्रीकरण झाले. तीन मुलांनी वेगवेगळ्या वयांतील देमी साकारला. आजारी देमी स्वतः चित्रीकरणाला उपस्थित राहत. मधूनमधून कॅमेरा त्यांच्या केसांवरून, हातांवरून, डागाळलेल्या त्वचेवरून अगदी जवळून फिरतो. आजाराचे नाव चित्रपटात कोठेही नाही. काम संपत आले आणि २७ ऑक्टोबर १९९० रोजी देमींचे निधन झाले. त्यांना मोंपार्नास दफनभूमीत पुरण्यात आले.

मृत्यूचे कारण रक्ताचा कर्करोग असे सांगण्यात आले आणि सुमारे १८ वर्षे संदर्भग्रंथांत तेच छापले जात राहिले. २००८ मध्ये वार्दा यांनी 'ले प्लाज दान्येस' या आत्मचरित्रात्मक चित्रपटात खरे कारण सांगितले. देमींना ते उघड व्हायला नको होते आणि घरच्यांनी त्यांची इच्छा पाळली होती. यानंतर 'जाको द नाँत'मधील त्वचेची ती जवळून घेतलेली दृश्ये प्रेक्षकांना निराळी दिसू लागली.

प्रभाव

वार्दा यांनी देमींवर आणखी दोन माहितीपट केले आणि फिकट पडत चाललेल्या 'शेर्बूरच्या छत्र्या'चे मूळ रंग परत मिळवून दिले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांनाही देमींजवळच पुरण्यात आले. नाँतमधील मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालयाला देमींचे नाव आहे. अमेरिकन दिग्दर्शक डेमियन शझेल यांच्या 'ला ला लँड' (२०१६) या संगीतपटावर शेर्बूर व रोशफोर या दोन्ही चित्रपटांचा ठसा उघड आहे.

फ्रान्समध्ये देमींचा वारसा सर्वांत थेट चालवला तो क्रिस्तोफ ओनोरे यांनी. त्यांच्या 'ले शाँसों दामूर' (प्रेमगीते, २००७) या चित्रपटाच्या तीन भागांना शेर्बूरच्याच तीन भागांची नावे दिलेली आहेत. पात्रे पॅरिसच्या रस्त्यांवर गात हिंडतात. मृत तरुणीच्या बहिणीची भूमिका कियारा मास्त्रोयान्नी यांनी केली आहे. त्या दनव व मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांच्या कन्या होत. प्रेयसीच्या अकस्मात मृत्यूने सैरभैर झालेला इस्माएल अखेरीस एका तरुण मुलाच्या प्रेमात पडतो, आणि त्याच्या भोवतालचे कोणी त्याला त्याचे स्पष्टीकरण मागत नाही.